गुडघाभर लाटेसाठी बोर्ड: लांब की आखूड?

कोथरूडकर:
हिवाळ्यात ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर-श्रीवर्धनकडे सर्फिंगला जाणाऱ्या आमच्या चौघांच्या गटात सध्या एकच वाद चालू आहे, तो येथे मांडतो. पावसाळ्यात कोकणचा समुद्र आपल्यासारख्यांनी उतरण्याजोगा नसतो आणि नारळी पौर्णिमेनंतर तो जसजसा निवळत जातो, तसतशा लाटाही गुडघ्याएवढ्या, फार तर मांडीएवढ्या होत जातात. अशा लाटांसाठी ‘फिश’ घ्यावा, म्हणजे आखूड, रुंद आणि दुभंगलेल्या शेपटीचा बोर्ड घ्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते हा सल्ला चुकीचा असून येथे ९ फुटी लाँगबोर्डला पर्याय नाही.

कारण लाटेच्या वेगात आहे. लाट फुटते तेथे पाण्याची खोली साधारणपणे तिच्या उंचीच्या १.३ पट असते आणि उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवरच ठरतो. त्यामुळे दीड मीटरची लाट फुटताना ताशी १६ किलोमीटरच्या आसपास वेगाने येते, तर अर्ध्या मीटरची लाट जेमतेम ताशी ९ किलोमीटरने सरकते. (पुण्यात सायंकाळच्या गर्दीत लकडी पुलावरून जाणाऱ्यांना हा वेग चांगला परिचयाचा असेल.) एवढ्या मंद लाटेबरोबर जायचे, तर ती फुटण्याआधीच हाताने पॅडल मारून तिच्या वेगाच्या जवळ पोचावे लागते. पाणी कापत जाणाऱ्या कोणत्याही वस्तूची वेगमर्यादा तिच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, हा नौकाबांधणीतला जुना नियम आहे. त्या हिशेबाने ९ फुटी बोर्डाची मर्यादा ताशी सुमारे साडेसात किलोमीटर येते, तर ५ फूट ८ इंची फिशची सहाच्या आतच राहते. उरलेला फरक लाटेने भरून काढायचा असतो, आणि गुडघाभर लाटेकडे देण्यासारखे फारसे काही नसते.

प्रभात रस्ता:
गणित बरोबर आहे, परंतु ते अर्ध्यावर सोडले आहे. आपण सांगता ती मर्यादा बोर्ड पाण्यात बसलेला असतानाची आहे. लाटेने उचलल्यानंतर बोर्ड पाणी कापत जात नाही, पृष्ठभागावर घसरत जातो, आणि तेथे लांबीपेक्षा रुंदी, तळाचा सपाटपणा आणि शेपटीकडचे क्षेत्रफळ महत्त्वाचे ठरते. नाकापासून शेपटीपर्यंतचा बाक जितका कमी, तितके पाणी कमी ढकलले जाते. साडेएकवीस इंच रुंदीचा, जवळजवळ सपाट तळाचा बोर्ड हे काम चोख करतो. अमेरिकेतले बोर्ड घडवणारे बॉब सिमन्स यांनी १९४० च्या दशकात नेमक्या याच तत्त्वावर रुंद, सपाट बोर्ड घडवले होते. ते कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या नामवंत तंत्रविज्ञान संस्थेत शिकलेले होते, तेव्हा त्यांना आकडेमोड येत नव्हती असे आपण म्हणणार नाही. त्यांच्या आराखड्यावरून निघालेले सहा फुटांच्या आतले ‘मिनी सिमन्स’ बोर्ड आज लहान लाटांवरच वापरले जातात.

दुसरे असे, की काशीदसारख्या उताराच्या किनाऱ्यावर लहान लाटसुद्धा उभीच्या उभी कोसळते. तेथे पावणेतीन मीटरच्या बोर्डाचे नाक लाटेच्या पायथ्याशी रुतते आणि स्वार पुढे फेकला जातो. आणि समजा नाही रुतले, तरी आपल्याकडची लाट चार सेकंदांत संपते व लाँगबोर्डाला वळायलाच पाच लागतात. सरळ किनाऱ्यापर्यंत वाहत येण्यास सर्फिंग म्हणायचे असेल, तर माझे काही म्हणणे नाही.

कोथरूडकर:
सिमन्स यांचा दाखला आपण दिलात हे बरे झाले. त्यांचे स्वतःचे बोर्ड दहा फुटांच्या घरातले होते; त्यांना आखूड केले ते नंतरच्या लोकांनी. फिशचेही तसेच आहे. सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिस यांनी १९६७ मध्ये तो आकार घडवला तो गुडघ्यांवर बसून खेळण्यासाठी, आणि तेथील खडकाळ तळावर फुटणाऱ्या जोरकस लाटांसाठी. त्याचा जन्म अशक्त लाटांसाठी झाला, असे जे सांगितले जाते त्याला आधार नाही.

काशीदबाबत मात्र आपले म्हणणे मान्य आहे.

औंधकर:
दोघांच्याही विद्वत्तेविषयी आदर बाळगून एक प्रश्न विचारतो: हा बोर्ड राहणार कोठे? ९ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो तिरका धरूनही मावत नाही, हे मी एका मित्राचा बोर्ड घेऊन, सुरक्षारक्षकाच्या देखत, सिद्ध केले आहे. सातव्या मजल्यापर्यंत जिन्याने नेताना प्रत्येक वळणावर त्याची शेपूट भिंतीवर आपटते. एपॉक्सी, म्हणजे कडक राळेचे कवच असलेल्या बोर्डाच्या आत बहुधा थर्मोकोलच्या जातीचा हलका फोम असतो. बारीकशी चीर पडली आणि ती न बुजवता बोर्ड समुद्रात नेला, तर तो पाणी पीत राहतो. एप्रिल-मेमध्ये उघड्या पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर ठेवला, तर वरचा थर फुगून सुटण्याची भीती वेगळीच.

माझे मत असे, की ज्यांना वर्षातून आठ-दहा दिवसच पाणी मिळते, त्यांनी ८ फुटी फोम बोर्ड घ्यावा. त्याचे घनफळ सुमारे ८० लिटर भरते, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोंचा माणूस त्यावर निर्धास्त पालथा पडून पॅडल मारू शकतो. वरचा थर मऊ असल्याने उथळ पाण्यात पडल्यावर डोके फुटत नाही. त्याच्या फिन, म्हणजे तळाला शेपटीकडे बसवलेल्या पात्या, याही बहुधा लवचीक असतात, तर लाँगबोर्डाची मधली फिन नऊ-दहा इंचांची आणि कडक असते. अर्ध्या मीटरची लाट फुटते त्या ६५ सेंटिमीटर पाण्यात ती लवकरच वाळूत रुतते.

प्रभात रस्ता:
फोम बोर्ड शिकण्यासाठी उत्तम. परंतु त्याच्या जाड, गोल कडा लाटेत पकड धरत नाहीत आणि एकदा उभे राहता येऊ लागले, की त्यावर शिकण्यासारखे फारसे उरत नाही. कोथरूडकर दोन हंगाम गोव्याला शिकून आले आहेत. त्यांना पुन्हा बालवर्गात बसवू नये.

सिंहगड रस्ता:
आतापर्यंतच्या चर्चेत लाटेची उंची आली, पण तिचा आवर्तनकाळ, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमधला वेळ, आला नाही, याचे नवल वाटते. ‘गुडघाभर’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या लाटा बसतात. दुपारी खारे वारे सुटले, की जवळच्या समुद्रात उठणारी लाट पाच-सहा सेकंदांची असते. उलट दक्षिण महासागरातून हजारो किलोमीटर चालत आलेली लाट चौदा-पंधरा सेकंदांची असू शकते. लाटेतून वाहणारी ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या आणि आवर्तनकाळाच्या प्रमाणात असते, त्यामुळे दोन्हींची उंची समुद्रात सारखीच मोजली गेली तरी दुसरीत अडीच पट जोर असतो. शिवाय उथळ पाण्यात येताना ती अधिक उंचावते, म्हणून फुटताना सोपी आणि दमदार असते. हिवाळ्यात याखेरीज इराणच्या आखाताकडच्या शमाल नावाच्या वायव्य वाऱ्यांनी उठलेल्या लाटा वायव्येकडून येतात, त्या या दोन्हींच्या मधल्या.

समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या अंदाजात उंचीबरोबर हा काळही दिलेला असतो. मी तो पाहिल्याशिवाय पुण्यातून निघत नाही. बारा सेकंदांच्या पुढे असेल आणि पहाटेचे मतलई वारे किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असतील, तर फिश सुरेख चालतो. गुळगुळीत पाण्यावर त्याला लवकर घसरता येते. सहा सेकंदांची खडबडीत लाट असेल, तर लाँगबोर्डाखेरीज काहीही नेणे म्हणजे पोहायला जाणे. आता आपण आठवड्यातला कोणता दिवस निवडतो ते पाहा. आपल्याला मिळतो तो शनिवार-रविवार, आणि घाटातून किनाऱ्यावर पोचेपर्यंत अकरा वाजलेले असतात.

प्रभात रस्ता:
म्हणजे आदल्या रात्री मुक्कामाला जावे, हा त्यावरचा उपाय झाला. उशिरा उठणाऱ्यांसाठी लांब बोर्ड, हा निकष मला मान्य नाही.

कोथरूडकर:
निकष तोच आहे, कारण बोर्ड आपल्याला मिळणाऱ्या लाटेसाठी घ्यायचा असतो, आणि सिंहगड रस्ता यांनी सांगितलेली सहा सेकंदांची लाट हीच आमची नेहमीची लाट आहे. गेल्या हंगामात एका रविवारी आम्ही एकच फिश आणि एकच लाँगबोर्ड आलटून-पालटून वापरला होता. फिशवर तासाभरात माझ्या वाट्याला दोन लाटा आल्या, लाँगबोर्डवर अकरा. प्रभात रस्ता म्हणतील, की त्या अकरांत मी एकदाही नीट वळलो नाही. ते खरे आहे. पण त्या दोनांतही वळलो नव्हतो.

औंधकर यांच्या लिफ्टच्या प्रश्नाला उत्तर सापडले आहे. श्रीवर्धनला मावशीच्या पडवीत, आढ्याला दोऱ्या बांधून, बोर्ड टांगून ठेवण्याची परवानगी मिळाली आहे. मावशीची अट एकच: पाय घसरू नयेत म्हणून बोर्डावर लावलेले मेण वितळून खालच्या सुपाऱ्यांवर गळता कामा नये.

औंधकर:
मग बोर्ड मेणाची बाजू खाली करून टांगू नका, आणि पावसाळ्यापूर्वी मेण पूर्ण खरवडून काढा.