हेपॅटायटिस सी परत आला तरी यकृत वाचतं, पण इतर गोळ्या सांभाळा

यकृताच्या प्रत्यारोपणानंतर हेपॅटायटिस सी (यकृताला सूज आणणारा विषाणू) उलटला की नवं यकृतही हातचं गेलं, असं म्हटलं जातं. इंटरफेरॉन या जुन्या इंजेक्शनांच्या काळात ही भीती रास्त होती, आता नाही. सोफोसबुविर-वेलपाटासविर या विषाणूविरोधी गोळ्यांनी बहुतेकांच्या रक्तातला विषाणू पूर्ण जातो. माझ्या मोठ्या भावाचाही गेला.

पण लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे सोबतच्या गोळ्या. भाऊ रोज उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी घ्यायचा. त्या गोळीने वेलपाटासविर नीट शोषलं जात नाही, म्हणून डॉक्टरांनी आधी पॅन्टोप्राझोलच बंद केलं. ॲसिडिटीच्या साध्या गोळीसकट सगळी औषधं डॉक्टरांना दाखवाच, अगदी कळकळीने सांगतोय. शिवाय विषाणू हटून यकृत सुधारलं की टॅक्रोलिमस या प्रत्यारोपणानंतरच्या औषधाची रक्तातली पातळी घसरू शकते आणि रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने नवं यकृत नाकारण्याचा, धोका वाढतो. कोर्स चालू असताना आणि संपल्यावरही या पातळीची तपासणी चुकवू नका. भावाचा टॅक्रोलिमसचा डोस मध्येच वाढवला तो यामुळेच.