जुन्या अकॉर्डियनच्या पट्ट्या स्वतः उघडाव्यात की नाही?

गोदाकाठचा_वादक

जुन्या पियानो अकॉर्डियनची पट्टी अडकायला लागली की नाशकात दोनच सल्ले मिळतात. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे टाका, नाहीतर शोकेसमध्ये ठेवा. मला दोन्ही पटत नाहीत. पट्ट्यांचा भाग वाजवणाऱ्याने स्वतः उघडायला शिकलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

माझ्याकडचं वाद्य क्लिंगेन्थालचं, पूर्व जर्मनीच्या काळातलं. ४१ पट्ट्या, डाव्या हाताला १२० बटणं. यात पट्ट्यांचं काम वेगळं आणि सुरांचं काम वेगळं. रीडला, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या पात्यांना, मी हात लावत नाही, लावणारही नाही. पण पट्टी म्हणजे काय? लाकूड, खाली स्प्रिंग, मागे एक दांडी आणि दांडीच्या टोकाला फेल्ट-चामडं लावलेलं झाकण. पट्टी दाबली की झाकण उचललं जातं आणि हवेला वाट मिळते, सोडली की स्प्रिंग ते परत बसवते. या पट्ट्या एका लांब पोलादी रॉडमध्ये ओवलेल्या असतात. काही वाद्यांत काळ्यांचा रॉड वेगळा. रॉडला गंज चढला किंवा भोकातलं लाकूड फुगलं की पट्टी खालीच राहते आणि सूर वाजतच राहतो.

हे न बघता कित्येक जण पट्टीच्या कडा पॉलिश पेपरने घासून मोकळ्या करतात. श्रावणात घासलेली पट्टी मार्गशीर्षात खुळखुळते. गेलेलं लाकूड परत येत नाही. हिंदी चित्रपटगीतांत वाजवणारे गुडी सीरवाई, केर्सी लॉर्ड यांचं अकॉर्डियन ऐकून ज्यांनी हौसेने वाद्यं घेतली, त्यांच्या घरी ती आज माळ्यावर पडून आहेत. ती वाजती करायची तर कुणाची वाट बघायची?

पेटीवाल्याचा_नातू

दादा, साफ असहमत. आमच्या घरात तीन पिढ्या पेटीचं काम आहे. कडा घासणारे आहेत, नाकारत नाही. पण तो कामचुकारपणा झाला, कारागिरी नव्हे.

तुम्ही रॉड ओढून काढाल, पट्ट्या टेबलावर मांडाल, इथवर ठीक. परत बसवताना काय? प्रत्येक झाकण आपापल्या भोकावर वर्षानुवर्षं बसून चामड्यावर वळ उमटलेला असतो. केसभर सरकलं की हवा गळते. मग माणूस दांडी वाकवून बघतो. एक पट्टी सरळ करताना शेजारच्या चार वर-खाली होतात. पट्ट्या एका पातळीत आणणं हातानेच शिकावं लागतं, व्हिडिओ बघून येत नाही.

आणि इतकं उघडलेला माणूस तिथे थांबत नाही. उद्या भात्याच्या पिना काढणार, परवा रीडवर कानस. पेटीचा सूर पितळेचा, याचा पोलादाचा. एकेका प्लेटवर दोन रीड, एक भाता उघडताना वाजणारी, एक मिटताना. इटलीतल्या कास्तेलफिदार्दोला पाओलो सोप्रानीने १८६३ मध्ये हा धंदा सुरू केला, तिथल्या कारखान्यांतही सूर लावणारे वेगळे असतात. ज्याचं काम त्याने करावं.

अंबड_लेथ

रॉडबद्दल लिहितो, कारण माझा रोजचा संबंध पोलादाशी.

गंजलेल्या रॉडवर तेलाचा स्प्रे कधीही मारू नका. तेल लाकडात मुरतं, लाकूड फुगतं, वर धूळ चिकटते आणि महिन्याभरात पट्टी आधीपेक्षा जड होते. रॉडचं टोक पक्कडीत घट्ट धरायचं, आधी दोन्ही बाजूंना थोडं थोडं फिरवायचं, सुटलं की फिरवत फिरवत सरळ रेषेत ओढायचं. ड्रिलला लावून गरगर फिरवलं तर रॉड तापतो आणि भोक करपतं. रॉड वाकला तर हातोडीने सरळ करत बसू नका. व्हर्नियरने जाडी मोजा आणि त्याच मापाचा ग्राउंड केलेला, म्हणजे घासून अचूक मापात आणलेला, रॉड घ्या. नाशकातल्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत असं काम सहज होतं.

माझा कौल मूळ लेखकाला. यात गूढ काही नाही, माप आहे.

स्वरदा_इंदिरानगर

मला तुम्हा तिघांचीही घाई वाटते. पावसाळ्यात अडकलेली पट्टी उघडायचीच कशाला? आधी वाद्य कोरड्या खोलीत, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि दिवाळीपर्यंत थांबा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पट्टी शेजारणीला घासतेय का, हे दोघींच्या फटीत कागद सरकवूनही कळतं.

मात्र वाळवायचं म्हणून उन्हात ठेवू नका. रीडच्या प्लेटा मेण आणि राळेच्या मिश्रणात बसवलेल्या असतात. एप्रिलमध्ये बंद गाडीत विसरलात तर मेण मऊ होऊन त्या निसटतात. पांढऱ्या पट्ट्यांवरचं सेल्युलॉइडही जपा. अ‍ॅसिटोनने ते विरघळतं, ठिणगीने पेट घेतं. डाग ओलसर फडक्याने पुसा, बस्स.

गोदाकाठचा_वादक

स्वरदाताई, थांबण्याचं पटलं, पण फुगलेल्या लाकडापुरतंच. गंज दिवाळीची वाट बघत नाही, दर पावसाळ्यात वाढतो.

नातूसाहेब, तुमची हरकत झाकण नीट बसण्याची आहे ना? त्याची परीक्षा घरी होते. झाकणाखाली पातळ कागदाची पट्टी घालायची, झाकण मिटू द्यायचं आणि कागद हळू ओढायचा. चारही बाजूंनी सारखा अडला पाहिजे. एका बाजूने सुळकन निघाला तर तिथे गळती. सगळं बसवल्यावर भात्याचे पट्टे सोडून, एकही पट्टी न दाबता, वाद्य उजव्या बाजूने वर धरायचं. डावी बाजू सावकाश उतरली तर ठीक, धपकन खाली आली तर झाकणांवरची जाळी पुन्हा उघडायची. क्रमही चुकत नाही, बऱ्याच वाद्यांत पट्ट्यांच्या लाकडावर कारखान्याचे आकडे असतात. नसतील तर पेन्सिलने घालावेत, आणि खोलण्याआधी फोटो काढावेत.

आणि दांडी वाकवूच नये, यावर आपलं एकमत आहे.

पेटीवाल्याचा_नातू

कागदाची परीक्षा बरोबर आहे, आम्हीही तीच करतो. पण कागद गळती दाखवतो, बरी करत नाही. चामडं कडक झालं असेल तर बदलावं लागतं, आणि नवीन जाडीला थोडं जरी वेगळं आलं तरी पट्टीची उंची बदलते. म्हणजे ४१ च्या ४१ पुन्हा लावणं आलं. इथे हौशी माणूस अर्ध्यावर सोडतो. तसे अर्धवट खोललेले अकॉर्डियन पिशवीत घेऊन लोक आमच्याकडे येतात, स्प्रिंगा हरवलेल्या.

रॉड काढून पुसून परत घालणं, इतपत मालकाने करावं, चला. चामड्याला मात्र हात लावू नका.

गोदाकाठचा_वादक

चामड्याचंही शिकता येतं, माझं म्हणणं तेच राहील. एका झाकणापासून सुरुवात करावी, सगळ्यांत वरच्या, क्वचित लागणाऱ्या पट्टीच्या. तुम्ही शिकवणार असाल तर या रविवारी वाद्य घेऊन येतो.

पेटीवाल्याचा_नातू

या. जाडी मोजायला व्हर्नियर आणा. रॉड मी काढणार नाही, तो तुम्हीच काढायचा.