पंजाब ८-९ दिवस, सोबत माळकरी बाबा (वय ७४), घुमान कसं बसवू?

नौपाडेकर

नमस्कार मंडळी, ठाण्याहून आम्ही पाच जण, मी, बायको, सहावीतला मुलगा आणि आईबाबा. नाताळच्या सुट्टीत ८-९ दिवस उत्तरेकडे जायचं चाललंय. एका टूरवाल्याने दिल्ली, अमृतसर, डलहौसी, धरमशाला, मनाली, सिमला, चंदीगड असं सगळं एका कागदावर बसवून दिलं आणि मी अ‍ॅडव्हान्स भरणारच होतो. तर बाबांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि शांतपणे विचारलं, "यात घुमान कुठंय?" मला आधी कळेचना काय म्हणतायत. नामदेव महाराज शेवटी पंजाबात जिथे राहिले ते गाव, तिथे साहित्य संमेलन झालं तेव्हापासून त्यांच्या मनात आहे म्हणे, आम्हाला कधी बोलले नाहीत. टूरवाल्याला विचारलं तर म्हणाला साहेब ते रूटवर येत नाही, आणि तिथे बघण्यासारखं काही नाही.

तर आता हिमाचल उडवून फक्त पंजाब करावं असं वाटतंय, पण ८ दिवस पंजाबात करायचं काय हे बायको विचारतेय. बाबांचा गुडघा दुखरा आहे, तलावपाळीची एक फेरी मारतात आणि दुसऱ्या फेरीला बाकावर बसतात, त्या हिशोबाने सांगा. विमान की ट्रेन, मुक्काम कुठे, घुमानला राहायची सोय आहे का, खाण्याचं काय, सगळंच सांगा.

घोडबंदरचा_भटक्या

पहिलं म्हणजे तो टूरवाल्याचा कागद रद्दीत टाका. आठ दिवसांत मनाली-सिमला-अमृतसर म्हणजे ड्रायव्हरची मान बघायला पैसे देण्यासारखं आहे, आणि दुखऱ्या गुडघ्याला घाटातले सात-आठ तास म्हणजे शिक्षाच. बाबांनी तुम्हाला वाचवलंय खरं तर.

दुसरं, अमृतसरपासून सुरुवात करू नका. सगळे तेच करतात, दोन दिवसांत सुवर्णमंदिर, बॉर्डर, कुलचा आटपतात आणि मग "आता काय" म्हणत बसतात. आम्ही उलट गेलो होतो, कल्याणहून पंजाब मेल पकडून थेट फिरोजपूर. संध्याकाळी गाडीत बसायचं, दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस गाडीत, तिसऱ्या दिवशी पहाटे शेवटच्या स्टेशनला उतरायचं. लोक म्हणतात एवढा वेळ कोण घालवतो, पण माझ्या वडिलांना तोच भाग सगळ्यात आवडला, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा एकेक स्टेशन येतंय आणि हे नातवाला गोष्टी सांगतायत. ही गाडी १९१२ पासून धावतेय. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी ८ ला लॅपटॉप उघडून बसा आणि आईबाबांसाठी लोअर बर्थचा पर्याय टाका. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे, त्यावर बोलायला लागलो तर हा धागा तिकडेच जाईल.

फिरोजपूर का, तर हुसैनीवाला. सतलजच्या काठावर भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांची समाधी आहे. २३ मार्च १९३१ ला लाहोरात फाशी दिली आणि इंग्रजांनी लोकांना कळू न देता रातोरात इथे आणून अंत्यसंस्कार उरकले. फाळणीत ही जागा पलीकडे गेली होती, ती १९६१ मध्ये आपल्याला परत मिळाली. आपला राजगुरू खेडचा, आज आपण त्या गावाला राजगुरुनगर म्हणतो, तो माणूस कुठे येऊन संपला हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. तिथे एक म्हातारे सरदारजी चौथऱ्याजवळची पानं झाडूने गोळा करत होते, आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर झाडू खाली ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "राजगुरू जी दे पिंड तों?" म्हणजे राजगुरूंच्या गावाहून का? आमचा पोरगा एरवी मोबाईलमधून डोकं वर काढत नाही, तो त्या दिवशी परत हॉटेलला येईपर्यंत गप्प होता.

संध्याकाळी तिथेही झेंडा उतरवायचा कार्यक्रम असतो, अमृतसरजवळच्या अटारी बॉर्डरवरच्यापेक्षा खूप लहान, गर्दी कमी, बाबांना बसायला नीट जागा मिळेल. एप्रिल २०२५ पासून गेट उघडणं आणि हस्तांदोलन दोन्हीकडे बंद केलंय, त्यामुळे निघायच्या आधी काय चालू आहे ते विचारून घ्या. फिरोजपुरातच सारागढीचा गुरुद्वारा आहे, १२ सप्टेंबर १८९७ ला एका चौकीवर लढून गेलेल्या २१ शीख सैनिकांचा. एक रात्र तिथे आणि मग अडीच-तीन तासांत गाडीने अमृतसर.

खारघरची_सून

मी माहेरची डोंबिवलीची, सासर लुधियानाचं, आता खारघर. त्यामुळे दोन्हीकडून बोलते.

डिसेंबर शेवट नको. खरंच नको. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीभर धुकं असं असतं की समोरच्या गाडीचे दिवे पण दिसत नाहीत, ट्रेन ५-६ तास लेट, विमानं रद्द, एकदा आम्ही अमृतसर एअरपोर्टवर अख्खा दिवस काढलाय आणि सासूबाई डब्यातले पराठे शेजाऱ्यांना वाटत बसल्या होत्या. दिवाळीची सुट्टी म्हणाल तर अमृतसरची दिवाळी बघण्यासारखी असते, शिखांचा बंदी छोड दिवस त्याच दिवशी असतो, पण ऑक्टोबर शेवट ते नोव्हेंबर मध्य भाताचं पाचट जाळतात, बाबांना खोकला असेल तर त्रास होईल. फेब्रुवारी बेस्ट. मोहरी फुललेली असते, थंडी सोसण्याइतकी असते, आणि साग आणि मक्के दी रोटी अजून मिळते. मुलाची चार दिवस शाळा बुडेल, सहावीत आहे, काही बिघडत नाही.

माळकरी आहेत ना, मग एक शब्द पाठ करा, "वैष्णो ढाबा". अशी पाटी असेल तिथे शाकाहारीच. कांदा-लसूण चालत नसेल तर आधी सांगावं लागेल, नाहीतर सगळ्यात असतोच.

लंगरचं, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या जेवणाचं, थोडं सांगते, कारण आपली माणसं तिथे गोंधळतात. रोटी ताटात वाढत नाहीत, दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करायचे, मग ते वरून हातात देतात. माझ्या आईने पहिल्यांदा ताट पुढे केलं होतं, तो मुलगा हसून थांबला आणि म्हणाला, "माताजी, हाथ." आई नंतर म्हणाली अगदी प्रसादासारखं वाटलं. आणि हो, ते लोक पण ओळीला पंगतच म्हणतात, हाच शब्द, बाबांना सांगा. गुडघ्यामुळे खाली बसता येत नसेल तर सेवादारांना आधीच सांगा, बाजूला सोय करून देतात. डोकं झाकायला रुमाल घरूनच न्या, बाहेर मिळतात ते केशरी धुतल्याशिवाय घालवत नाही मला.

सुवर्णमंदिरात दर्शनाला पहाटे ३-४ ला जा. एक म्हणजे रांग कमी, शनिवार-रविवारी दिवसा दोन-दोन तास उभं राहावं लागतं, आणि दुसरं म्हणजे पहाटे आवारातल्याच अकाल तख्तातून ग्रंथसाहिब पालखीतून हरमंदिरात, म्हणजे मुख्य मंदिरात, आणतात ते दिसतं. पालखी म्हटल्यावर बाबांना वेगळं काही सांगावं लागणार नाही. फरशी मात्र बर्फासारखी गार असते, अनवाणी चालायचं असतं.

कोपरीवाला

शेजारच्या सिंधी आंटी दरवर्षी जातात, त्यांचा एकच सल्ला, येताना वड्या आणि पापड जास्त घ्या, ठाण्यात सगळे मागतात.

इतिहासाचा_किडा

"बघण्यासारखं काही नाही" म्हणणाऱ्या टूरवाल्याला एवढं सांगा की गुरू ग्रंथसाहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. घुमान गुरदासपूर जिल्ह्यात, बटाल्याजवळ. नामदेवांचा जन्म १२७० चा, उत्तरायुष्यातली बरीच वर्षं ते तिकडे होते असं परंपरा सांगते. ८८ वं साहित्य संमेलन तिथे एप्रिल २०१५ मध्ये झालं, सदानंद मोरे अध्यक्ष होते.

बाकी मराठी माणसाने पंजाबात जाऊन सरहिंदला पण थांबावं. १७५८ मध्ये राघोबादादांच्या फौजेने आधी सरहिंद घेतलं, मग लाहोर, आणि तिथून पुढे अटक. आपण उठसूट "अटकेपार झेंडे" म्हणतो पण अटक आता पाकिस्तानात, सरहिंद तरी बघून या. तिथला फतेहगढ साहिब गुरुद्वारा गुरू गोविंदसिंगांच्या दोन धाकट्या मुलांचा आहे, चंदीगडला जाताना वाटेत पडतो.

फक्त एक, नामदेवांची समाधी घुमानला आहे असं तिकडे मानतात, आपल्याकडे महाद्वारातली नामदेव पायरी. बाबांना आधीच कल्पना द्या, नाहीतर तिथे वाद व्हायचा.

घोडबंदरचा_भटक्या

@इतिहासाचा_किडा कसला वाद हो, आमच्यासोबत एक बुवा होते, तेच म्हणाले पायरी आमची, समाधी तुमची, विठोबा दोघांचा, झालं.

घुमानचं राहिलंच सांगायचं. मुक्काम तिथे करू नका, अमृतसरलाच रहा, सकाळी गाडी केली की दीड तासात पोचता. मोठं गाव नाही, दोन तासांत होतं, पण त्या दोन तासांत घाई करू नका. आत ग्रंथीजी बसले होते, आम्ही महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर त्यांनी स्वतः नामदेवांचं एक पद म्हटलं, भाषा आपली नाही, चाल आपली नाही, आणि मध्येच "बीठलु" आला. परत आला. माझी सासू जी पूर्ण प्रवासात "पाणी गार आहे, चहा गोड आहे" एवढंच बोलत होती ती एकदम ताठ बसली आणि ते थांबल्यावर तिने न सांगता एक अभंग सुरू केला. टाळ नाहीत काही नाहीत, हाताने मांडीवर ठेका. बाहेरच्या दोन-तीन बायका दारात येऊन बसल्या. बाबांचे टाळ असतील तर बॅगेत टाका, चेक-इनमध्ये, हातात ठेवलेत तर सिक्युरिटीवाले काढायला लावतील.

त्याच दिवशी जमलं तर डेरा बाबा नानक, तिथून रावीपलीकडे पाकिस्तानातला करतारपूरचा गुरुद्वारा दिसतो. तिकडे जायचा भाविकांचा कॉरिडॉर नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाला होता, मे २०२५ मध्ये बंद केला, त्यामुळे पलीकडे जायचं म्हणून प्लॅन करू नका.

घणसोली_लोकल

अमृतसरात लोक जालियनवाला बाग १५ मिनिटांत उरकतात. २०२१ मध्ये सजावट केल्यापासून ती अरुंद बोळ मला तरी आवडत नाही, भिंतीवर पुतळे कशाला लावले कोण जाणे, ज्या बोळातून १३ एप्रिल १९१९ ला बंदुका आत गेल्या तिथे काहीच नको होतं. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा आणि विहीर मात्र नीट बघा. आणि टाउन हॉलमधलं फाळणीचं म्युझियम चुकवू नका, सोमवारी बंद असतं. तिथे एक फुलकारीचं जॅकेट आणि एक चामडी ब्रीफकेस शेजारी-शेजारी ठेवलीय, लग्न ठरलेली दोन माणसं फाळणीत हरवली आणि निर्वासित छावणीत अन्नाच्या रांगेत परत भेटली, त्यांच्या त्या वस्तू. माझी बायको तिथून हलत नव्हती.

आनंदपूर साहिब करणार असाल तर तिथलं विरासत-ए-खालसा म्युझियम पण सोमवारी बंद, म्हणजे सोमवार प्रवासात घालवा. १६९९ ला खालसा पंथ तिथेच स्थापन झाला. होळीच्या वेळेस होला मोहल्ला हा शिखांचा मेळा असतो, खूप भारी, पण ७४ वर्षांच्या माणसाला त्या गर्दीत नेऊ नये.

नौपाडेकर

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. तर असं ठरवतोय: फेब्रुवारी, कल्याणहून पंजाब मेल, फिरोजपूर १ रात्र, अमृतसर ३ (त्यातला एक दिवस घुमान), मग आनंदपूर १, वाटेत सरहिंद, चंदीगड १ आणि तिथून विमानाने मुंबई. मनालीचं नाव काढलं तर मुलगा रडेल वाटलं होतं, पण आजोबांसोबत दोन रात्री ट्रेनमध्ये म्हटल्यावर तोच उड्या मारतोय, वरचा बर्थ माझा म्हणून आत्ताच भांडण झालंय. टूरवाल्याला फोन करून नाही सांगितलं, तो म्हणाला साहेब घुमान अ‍ॅड करून देतो, एक्स्ट्रा चार्ज लागेल.

@खारघरची_सून आनंदपूर ते सरहिंद ते चंदीगड एका दिवसात गाडीने ताण होईल का? बाबांना दर दीड तासाने उतरून पाय मोकळे करावे लागतात.

खारघरची_सून

नाही होणार, रस्ते सपाट आणि चांगले आहेत, सकाळी नाश्ता करून निघा. फक्त सरहिंदला दुपारी पोचलात तर लंगरमध्येच जेवून घ्या, हायवेवर शोधत बसू नका. आणि चंदीगडला रॉक गार्डन करू नका बाबांसोबत, बारक्या वाटा आणि पायऱ्या खूप आहेत. तुम्ही आणि मुलगा जाऊन या, आईबाबांना सुखना तलावावर बाकावर बसवा, तलावपाळी आठवेल त्यांना.

कोपरीवाला

टाळ खरंच न्या हो. आणि वड्या.