विषय: अफगाण कुटुंबांचे अर्ज, शनिवारी हात हवे आहेत

प्रेषक: मेधा
ऑगस्ट २०२२

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मेलांमध्ये हरवू नये म्हणून हा विषय वेगळा काढते.

गेल्या वर्षी १५ ऑगस्टला काबूल पडलं आणि ३० तारखेच्या रात्री शेवटचं अमेरिकन लष्करी विमान तिथून निघालं. त्या पंधरवड्यात बाहेर काढलेल्यांपैकी हजारो लोक आपल्या न्यू जर्सीतल्या मॅग्वायर-डिक्स-लेकहर्स्ट तळावर राहिले. तळ रिकामा झाला तशा बातम्याही थांबल्या. माणसं मात्र इथेच आहेत, आणि कायद्याच्या लेखी ती निर्वासितही नाहीत. बहुतेकांच्या हातात दोन वर्षांचा पॅरोल, म्हणजे देशात राहायची तात्पुरती परवानगी आहे: राहा, काम करा, पुढचं तुमचं तुम्ही बघा. आश्रयाचा अर्ज साधारणपणे देशात आल्यापासून वर्षभरात करायचा असतो, म्हणून आता धावपळ आहे. फुकट काम करणारे वकील आहेत, पण ते पुरे पडत नाहीत. शनिवारी त्यांच्या हाताखाली बसायला कोण येईल?

मेधा

---

प्रेषक: श्रीकांत

मेधाताई,

तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण आपल्या मंडळाच्या घटनेत भाषा आणि संस्कृती एवढंच आहे, वर्गणीही त्यासाठीच गोळा होते. शिवाय आपल्यातली कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभी आहेत. मुलं एकवीस वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर फेकली जातात. त्यांच्यासाठी असा मेल कधी निघाला नाही, याचं मला वाईट वाटतं.

श्रीकांत

---

प्रेषक: मेधा

श्रीकांतदादा,

मुलांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यावर बैठक लावा, मी येते. पैसे मी मागतच नाहीये.

मी ज्या घरी जाते तिथला माणूस अमेरिकन पलटणीबरोबर दुभाषा होता. काबूल विमानतळाच्या ॲबी गेटबाहेर सांडपाण्याचा नाला आहे, त्यात उभं राहून तो मोठ्या मुलाला घेऊन कसाबसा आत शिरला. बायको आणि दोन मुली गर्दीत मागे पडल्या. २६ तारखेला तिथेच स्फोट झाला. तेरा अमेरिकन सैनिक गेले, आणि त्याहून कितीतरी जास्त अफगाण. या तिघी त्याआधीच घरी परतल्या होत्या म्हणून वाचल्या. यंदा २३ मार्चला मोठ्या मुलींच्या शाळा उघडणार होत्या. थोरली दप्तर घेऊन गेली आणि त्याच सकाळी शाळा बंद ठेवण्याचा हुकूम आला. तेव्हापासून ती घरातच आहे.

पॅरोलवरच्या माणसाला बायकोमुलांसाठी अर्ज करता येत नाही. आश्रय मंजूर झाला तर करता येतो. त्या तिघींचं इथे येणं या एका अर्जावर अडलंय.

आणि पुरावे? तालिबान शहरात शिरल्यावर त्याच्या बायकोने अमेरिकन अधिकाऱ्यांची शिफारसपत्रं, ओळखपत्रं, सगळं चुलीत घातलं. घरझडतीत सापडलं असतं तर जीव गेला असता. आता इथे तेच कागद मागतात. ज्या कंत्राटदार कंपनीने त्याला नेमलं ती बंद झालीय. वीस वर्षं ज्यांच्या भरवशावर सैन्य तिथल्या गल्लीबोळांतून फिरलं, त्यांनाच ‘आमच्याबरोबर होतास हे दाखव’ म्हणायचं, हा मला उघड अन्याय वाटतो.

मेधा

---

प्रेषक: अनघा

मी इमिग्रेशनचीच वकिली करते, म्हणून येणाऱ्यांना आधीच सांगते. फॉर्मवर काय लिहायचं याचा सल्ला तुम्ही द्यायचा नाही. तो परवानाधारकानेच द्यायचा, नाहीतर नुकसान त्या कुटुंबाचं होतं. तुम्ही जुन्या ईमेलमधून पत्रांच्या प्रती शोधा, पगाराच्या नोंदी आणि फोटो तारखेप्रमाणे लावा, त्या वेळचे वरिष्ठ लिंक्डइनवर हुडका. एखाद्या निवृत्त सार्जंटचं दोन परिच्छेदांचं पत्रही फार उपयोगी पडतं. बोलायला बऱ्याच जणांशी हिंदी-उर्दू चालेल, पण दरी-पश्तू कागदांचं भाषांतर त्या भाषा जाणणाऱ्याकडूनच.

काँग्रेसमध्ये ९ ऑगस्टला अफगाण ॲडजस्टमेंट ॲक्ट मांडला गेलाय, म्हणजे या पॅरोलवरच्या लोकांना इथे कायमचं राहता यावं यासाठीचं विधेयक. क्यूबातून आलेल्यांसाठी १९६६ मध्ये आणि व्हिएतनाम युद्धानंतर आलेल्यांसाठी १९७७ मध्ये असे कायदे झाले होते. आपापल्या सिनेटरच्या कार्यालयात फोन करा. पण विधेयकाच्या भरवशावर अर्ज थांबवू नका.

अनघा

---

प्रेषक: वसंतकाका

श्रीकांत, संस्कृतीचं म्हणतोस म्हणून लिहितो. माझं बालपण कुलाब्यात, अफगाण चर्चच्या जवळ गेलं. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचं ते स्मारक. जानेवारी १८४२ मध्ये इंग्रजी फौज काबूल सोडून निघाली, तेव्हा सुमारे साडेचार हजार सैनिक होते आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे. सैनिकांतलेही बहुतेक हिंदुस्थानीच. बर्फात मेले ते मेले. उरलेल्यांपैकी कित्येक गुलाम म्हणून विकले गेले, कित्येक बोटं झडलेल्या अवस्थेत काबूलच्या रस्त्यांवर भीक मागत राहिले. त्यांच्या घरच्यांना कोणी कळवलंही नसेल. फौज निघून गेल्यावर तिच्यासाठी राबलेल्या माणसांचं काय होतं, हे आपल्या लोकांनी सोसलेलं आहे. माझं नाव लिहून घ्या. डोळे अधू आहेत, पण लहान मुलांना सांभाळीन.

---

प्रेषक: श्रीकांत

काका, मेधाताई,

घटनेचा प्रश्न कार्यकारिणीपुढे ठेवतो. तोवर मंडळाचं नाव आणि ईमेल वापरू नये, ही विनंती कायम आहे. एकवीस वर्षांच्या मुलांसाठीची बैठक गणपतीनंतरच्या रविवारी धरू.

माझी व्हॅन सात जणांची आहे. शनिवारी सकाळी कुठून कोणाला आणायचं ते फोनवर सांगा, पत्ते लिस्टवर टाकू नका. मुलांसाठी कार सीट लागणार असतील तर शुक्रवारपर्यंत कळवा.

श्रीकांत