जपानी माफी खोटी आणि अमेरिकन रोखठोकपणा खरा?

वाटसरू
काल इथे एकाने लिहिलं की जपानी लोक ऊठसूट वाकून माफी मागतात, त्यामुळे त्या माफीला काडीची किंमत नाही. त्यापेक्षा अमेरिकन माणूस बरा, चुकला तर सरळ कबूल करतो. वर कौतुकाचा पाऊस! उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

सरळ कबूल करतो? ९ फेब्रुवारी २००१, हवाईतल्या ओआहू बेटाजवळचा समुद्र. अमेरिकन नौदलाची ग्रीनव्हिल पाणबुडी १६ पाहुण्यांना झटक्यात वर येण्याचं प्रात्यक्षिक दाखवत होती. वर येताना तिने 'एहिमे मारू' या जपानी जहाजाचा तळ फाडला. जपानमधल्या उवाजिमा गावच्या मासेमारी शिकवणाऱ्या शाळेचं ते. ९ जण गेले, त्यात ४ विद्यार्थी. नातेवाइकांचं म्हणणं होतं, कप्तानाने आमच्यासमोर येऊन माफी मागावी. कप्तान स्कॉट वॉडल यांचं पहिलं निवेदन आलं ते वकिलामार्फत. उवाजिमात ते पोचले डिसेंबर २००२ मध्ये! मुलगा गमावलेल्या आईने तोवर काय समजायचं?

बे-एरियावाली
अर्धीच गोष्ट सांगताय. मार्च २००१ मध्ये होनोलुलूत चौकशी चालू असतानाच वॉडल काही नातेवाइकांना भेटले, रडले, माफी मागितली. आणि नौदलाने सुमारे ६०० मीटर खोल पडलेलं जहाज उचलून उथळ पाण्यात आणलं, ९ पैकी ८ मृतदेह शोधून घरी पाठवले. ही माफी नाही का? करून दाखवलेलं तुम्हाला दिसत नाही, फक्त कंबर किती वाकली ते दिसतं.

आणि वकिलाचं म्हणाल तर इथे कॅलिफोर्नियात राहून बघा. सिग्नलला एकाची गाडी माझ्या गाडीला घासली. चूक त्याची. आपल्या सवयीने मी उतरून आधी 'सॉरी, लागलं का?' म्हटलं. त्याने विमा कंपनीला तेच सांगितलं, खापर माझ्यावर फुटलं आणि हप्ता वाढला.

नागोयाकर
मी जपानी क्लायंटबरोबर काम करतो. एकदा आमच्या अमेरिकेतल्या टीमच्या चुकीने रात्रभर सिस्टिम बंद पडली. सकाळच्या कॉलवर त्या टीमने पहिल्याच वाक्यात कारण आणि उपाय सांगायला सुरुवात केली. तांत्रिकदृष्ट्या एकही शब्द चुकीचा नव्हता. पलीकडे चिडीचूप. अमेरिकनांना वाटलं, पटलं त्यांना. मग आमचे जपानी साहेब, ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, ते मिठाईचा खोका घेऊन क्लायंटच्या ऑफिसात गेले, आधी माफी मागितली आणि मगच कागद काढले. काम टिकलं ते त्यामुळे.

हेमंतराव
म्हणजे चूक केली एकाने, वाकला दुसरा. आणि चूक करणाऱ्याचं काय झालं? ते कुणी विचारलंच नाही. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर, मे २०११ मध्ये, तिथल्या वीज कंपनीचे अध्यक्ष निर्वासितांपुढे गुडघे टेकून वाकले. २०१९ मध्ये त्याच कंपनीचे ३ माजी वरिष्ठ अधिकारी न्यायालयातून निर्दोष सुटले. लोकांची घरं, शेतं गेली. त्यांनी त्या वाकण्याचं काय करायचं?

नागोयाकर
तुम्ही जपानात कधी राहिलात का?

हेमंतराव
विचार करायला व्हिसा लागतो का? मुद्द्याचं बोला.

अ‍ॅडव्होकेट
बे-एरियावाली ताई, माफी म्हणजे कबुली असा सरसकट नियम तिकडेही नाही. मॅसॅच्युसेट्सने १९८६ मध्येच कायदा केला, की अपघातानंतर व्यक्त केलेली सहानुभूती दोषाचा पुरावा धरता येणार नाही. कॅलिफोर्नियातही तसा कायदा आहे.

बे-एरियावाली
पुढचं वाचा ना! कॅलिफोर्नियात 'वाईट वाटलं' याला संरक्षण आहे, 'माझी चूक' याला नाही. रस्त्यावर हात थरथरत असताना हा फरक कोण करणार?

अ‍ॅडव्होकेट
पण तुम्ही 'लागलं का?' विचारलंत, चूक कबूल केली नव्हती. विमा कंपनीशी भांडायला हवं होतं. आपली माणसं हेच करत नाहीत.

बे-एरियावाली
दोन लहान मुलं मागच्या सीटवर रडत होती, साहेब. भांडायला सांगणं सोपं असतं.

वाटसरू
विम्याचा वेगळा धागा काढा, हात जोडतो.

होनोलुलूच्या भेटीचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. पण ती काही जणांशीच झाली. उवाजिमात बसलेल्यांचं काय? हेमंतराव, फुकुशिमाचंही मान्य, नाइलाजाने. पण १९८५ चा जपान एअरलाइन्सचा अपघात आठवा. ५२० माणसं गेली. १९७८ मध्ये विमानाची शेपूट धावपट्टीला घासली, तेव्हाची बोइंगची दुरुस्ती सदोष होती. बोइंगने ते मान्यही केलं. तरी विमान कंपनीच्या अध्यक्षांनी कुटुंबांची माफी मागून पद सोडलं. आमच्या भरवशावर माणसं बसली होती, म्हणून. याला नाटक म्हणणार?

हेमंतराव
नाटक म्हणत नाही. अध्यक्षांबद्दल आदर आहे, तेवढा मान्य करतो. पण त्या ५२० जणांसाठी ना जपानमध्ये कुणावर खटला चालला, ना अमेरिकेत. वॉडल यांचंही कोर्ट मार्शल झालं नाही, निवृत्तिवेतनासह बाहेर पडले. तुम्ही अध्यक्षांचं वाकणं दाखवताय, ताई उचललेलं जहाज दाखवताहेत. शिक्षा कुणाला झाली ते मी विचारतोय, आणि त्यावर तुमच्यापैकी एकानेही अजून एक ओळ लिहिलेली नाही.