पावणेसहा जीबीची बायनरी फाइल: पायथॉनने तुकडे करून सीएसव्ही (साधी मजकूर-तक्ता फाइल) कशी करायची?

लूमडेटा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातल्या लॉगरची (लूमच्या म्हणजे मागांच्या नोंदी ठेवणारं यंत्र) फाइल आहे, ५,७८,०६,४४,१५० बाइट. आधी ५१२ बाइटचं हेडर (फाइलबद्दलची माहिती). मग दर नोंदीत वेळ (४ बाइट), लूम नंबर (२), आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि शेडचं तापमान (फ्लोट म्हणजे दशांश संख्या, ४-४). लिटल-एंडियन (लहान किमतीचा बाइट आधी). पायथॉनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलने (बाइटांचे आकडे करणारं) वाचलं तर वेळ आणि लूम नंबर बरोबर, आरपीएमपासून पुढे नुसता कचरा. शिवाय ८ जीबी रॅमचं मशीन लटकतं.

पॅडिंगवाला: नोंदीची रचना सांगणाऱ्या फॉरमॅट स्ट्रिंगच्या सुरुवातीला '<' टाकलेलं दिसत नाही. ते नसलं की स्ट्रक्ट सी भाषेच्या कंपायलरसारखं वागतं: फ्लोट ४ च्या पटीत बसावा म्हणून लूम नंबरनंतर २ रिकामे बाइट धरतं आणि १४ ची नोंद १६ ची होते. ताळा सोपा आहे. आकारातून ५१२ वजा करून १४ ने भागा: ४१,२९,०३,११७ नोंदी, बाकी शून्य. १६ ने भागलं तर ६ उरतात.

बाइटखोर: रॅमचं कारण म्हणजे अख्खी फाइल एका रीडमध्ये घेताय. हेडर ओलांडायला ५१२ वर सीक करा (थेट तिथे जा) आणि १४,००,००० बाइटचे घास घ्या, म्हणजे एका वेळी १ लाख नोंदी. सवयीने १०,४८,५७६ (१ एमबी) घेतलेत तर प्रत्येक घासात ४ बाइट उरतात. स्ट्रक्टचा आयटर-अनपॅक (घासातल्या नोंदी एकेक करून देणारा) निदान एरर तरी देतो. हाताने लिहिलेला लूप गुपचूप सरकलेले आकडे देत राहतो. तुकडे मुळात कशाला हवेत?

लूमडेटा: '<' ने काम झालं. पेनड्राइव्हवर फाइल जात नाही आणि मालकांना एक्सेलमध्ये हवंय, म्हणून तुकडे.

पॅडिंगवाला: पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फाइल-रचनेत असणार, तिथे एका फाइलला ४ जीबीची मर्यादा. एक्सफॅट या रचनेत फॉरमॅट करा (आतलं आधी काढून ठेवा), तुकड्यांची गरजच नाही. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. तुमच्या ३९४ शीट होतील, त्या कोण उघडणार? लूमवार दर मिनिटाची सरासरी काढा, रोजची एक फाइल.

लिहिताना दोन दशांशांवर थांबवा, नाहीतर ३८.३ अंश ३८.२९९९९९२३७०६०५५ असे उमटतात आणि सीएसव्ही उगाच फुगते. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर १९,८०० सेकंद मिळवा. लॉगरचं घड्याळच भारतीय वेळेवर असेल तर मिळवू नका. शिफ्ट बदलताना लूम थांबत असतील तर आरपीएम शून्यावर कधी येतो, त्यावरून कळेल.