मदत हवी आहे: कूर्चेच्या पेशी तिसऱ्या पॅसेजला लांबट होतात

नमस्कार. बेळगावात एम.एस्सी.चा प्रकल्प करते आहे. गुडघा बदलताना काढलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण) रुग्णाच्या संमतीने मिळते. तुकडे करून रात्रभर कोलॅजिनेजमध्ये (पेशी मोकळ्या करणारं विकर) ठेवते, गाळून फ्लास्कात लावते. पोषक माध्यम डीएमईएम, १० टक्के सीरम, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड.

सुरुवातीला पेशी छान बहुकोनी दिसतात. तिसऱ्या पॅसेजला (पेशी नव्या फ्लास्कात हलवण्याची फेरी) मात्र मागाच्या कांडीसारख्या लांबट होतात आणि कूर्चेचा गर दाखवणाऱ्या अल्शियन ब्लूचा रंग जवळजवळ धरतच नाहीत. मायकोप्लाझ्मा या जंतूची चाचणी निगेटिव्ह आहे. परवाच्या वळवात चार तास वीज गेली, पण इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर होता. अस्थिमज्जेतल्या मूळपेशी वापर, असं एकजण म्हणाले. पण त्या पुढे फुगून कोलॅजन १० बनवतात, हाडाच्या वाटेला लागतात, ही भीती आहे. काय करू?

कांडी लगेच आठवली कारण बाबांनी वडगावात चाळीस वर्षं हातमाग चालवला. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. "तुझ्या बाटलीतल्या पेशी मला घालता येत्यात काय गं?" असं विचारलं त्यांनी. स्वीडनमध्ये १९९४ साली रुग्णाच्याच पेशी वाढवून गुडघ्यात परत घातल्याचे निकाल छापून आले, पण ते कूर्चेतल्या ठरावीक जखमांसाठी. अख्खा सांधा झिजल्यावर तो उपाय चालत नाही. हे त्यांना सांगताना फार जड गेलं. आता रोज फोनवर आधी पेशींचीच चौकशी करतात.

प्रतिसाद

ताई, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. सपाट तळाला चिकटून पसरल्या की या पेशी कूर्चेचं कोलॅजन २ हे प्रथिन सोडून कोलॅजन १ बनवू लागतात. बेन्या आणि शॅफर यांनी १९८२ मध्येच दाखवलं की अगारोजच्या जेलमध्ये गोल राहू दिल्या की त्यांचा मूळ स्वभाव परततो. तुम्ही अल्जिनेट (समुद्री शेवाळापासूनचा, जेल होणारा पदार्थ) घ्या, स्वस्त पडतं. १.२ टक्के द्रावणात पेशी मिसळा आणि १०२ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये सुईने थेंब थेंब सोडा. दहा मिनिटांत मणी घट्ट होतात. धुताना फॉस्फेट बफर अजिबात नको, तो कॅल्शियम ओढून घेतो. साधं सलाइन वापरा. माध्यमात क जीवनसत्त्व ताजं घाला. पहिल्या पॅसेजच्या काही कुप्या आजच गोठवून ठेवा.

आणि रंग लावण्याआधी सिट्रेटने मणी विरघळवून पेशी धुऊन घ्या. अल्जिनेट स्वतःच अल्शियन ब्लू धरतं, त्यात फसगत होते.